एकदा नको म्हटलेला चहा

सकाळच्या पाळीचा भोंगा वाजला की आमच्या देवासच्या घरात सासूबाई आणि जाऊबाई चहाला बसत. स्वयंपाकघरातच, चुलीशेजारी, समोरासमोर दोन पाटांवर. सासरे, थोरले दीर आणि माझे यजमान डबे घेऊन कारखान्यात गेलेले असत. मागे आम्ही तिघी बायका. त्यांतल्या दोघी चहा पीत आणि तिसरी, म्हणजे मी, दूध पीत असे. दुधाला पाट लागत नाही. ते मोरीच्या दारात उभ्या उभ्या संपतं. चहाचं तसं नसतं. चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची, घोट घ्यायचा, काहीतरी बोलायचं, पुन्हा ओतायचा. त्यांचा एक कप चहा माझं अंघोळीचं पाणी तापेपर्यंत चालत असे.

त्या बशीच्या आवाजाचासुद्धा मला राग यायचा. मी जाऊबाईंवर जळत होते आणि हे मी कधी स्वतःपासून लपवलं नाही. त्यांचं रूप, त्यांचे दागिने, त्यांचा मुलगा, यांतलं काही मला डोळ्यांत खुपलं नाही. खुपत होता तो पाट.

देवासला पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एवढंसं गाव, पण रस्त्याच्या एका बाजूला एक राजा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. राजे गेले, पण आमच्या स्वयंपाकघरात पात्या शिल्लक होत्या आणि थोरल्या पातीचा दरबार रोज सकाळी भरत असे. नणंदेचं स्थळ तिथंच ठरलं. कुरडया कधी घालायच्या, टेकडीवर देवीची ओटी कुणी भरायची, सासऱ्यांना मोतीबिंदूचं कसं सांगायचं, सगळं त्या दोन पाटांवर ठरे. मला निर्णय कळायचे. चर्चा कळायची नाही. चहावर जी गोष्ट निघते ती दुधावर निघत नाही, हे मी तेव्हा शिकले.

आता कुणी म्हणेल, मग तुम्ही पण चहा घ्यायचा होता. तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं.

माझं माहेर धारचं. आमचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर माळव्यात आले, घोड्यांची खोगिरं शिवायला. दरबार गेला, खोगिरं गेली, वडील तहसील कचेरीत लागले, कधी अमझेऱ्याला तर कधी गंधवानीला बदलून जात. पण आईनं दरबारी रीत काही सोडली नाही. त्यात माळव्याची मनुहार मिसळलेली. मनुहार म्हणजे आग्रह, पण नुसता आग्रह नव्हे. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायला वाकायचं, पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा आणि यजमानानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरा ठरे आणि पहिल्या नकारावर थांबणारा यजमान चिक्कू.

लग्नाच्या आधी आईनं मला समोर बसवून सांगितलं होतं, "सासरी पहिल्या खेपेस काही घेऊ नये. दोनदा नको म्हणावे. तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा पदर सावरून घ्यावे. माहेरचे वळण त्यातच दिसते."

सासरची मंडळी साताऱ्याकडची. सासरे कारखान्यात फोरमन म्हणून देवासला आलेले. त्यांच्याकडे शब्द म्हणजे शब्द. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "चहा घेतीस का गं?"

मी खाली बघून म्हटलं, "नको."

"नको? बरं," त्या म्हणाल्या आणि जाऊबाईंकडे वळल्या, "ही चहा घेत नाही. हिला दूध दे."

मी पदर सावरून तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले होते. दुसरंसुद्धा आलं नाही. आलं ते दूध, जाड सायीचं. सायीची मला शिसारी येते. ते मी डोळे मिटून प्यायले आणि सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, किती गुणाची. आपल्यासारखी चहाबाज नाही."

झालं. एका शब्दात माझा शिक्का बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढं आल्यागेल्यासमोर सासूबाई अभिमानानं सांगायच्या की धाकटी चहाला शिवत नाही. अशी प्रसिद्धी झाल्यावर माघार कशी घेणार? लोक दुधाची तहान ताकावर भागवतात, मी चहाची तहान दुधावर भागवली. माहेरी गेले की बसमधून उतरल्या उतरल्या पातेलंभर चहा टाकायची. वडील हसायचे, म्हणायचे, देवासला चहाचा दुष्काळ पडलाय की काय. आई हसायची नाही. तिला वाटे, सासरी माझा मान ठेवत नाहीत.

एकदा मी यजमानांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना आईंना, की मी घेते म्हणून."

ते म्हणाले, "चहा मागायला वकील कशाला हवा? तूच सांग."

मी नाही सांगितलं. का सांगू? विचारायचं त्यांनी होतं.

अशी बरीच वर्षं गेली. माझी दोन मुलं झाली, नणंदेचं लग्न झालं, घरात गॅस आला, चुलीच्या जागी ओटा झाला. पाट मात्र दोनच राहिले.

आणि मग सासूबाई चहा उष्टा टाकायला लागल्या.

हे पहिल्यांदा जाऊबाईंना दिसलं, कारण समोर त्या बसायच्या. बशी अर्धी राहायची. मग जेवणही कमी झालं. दोन घास खाल्ले की म्हणायच्या, पोट भरलं गच्च. पोट मात्र वाढत होतं. नऊवारीच्या निऱ्या खोचताना त्यांना त्रास व्हायला लागला. एक दिवस त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "लुगड्याचा काष्टा आखूड पडतोय गं, धुवून आटलं वाटतं." लुगडं जुनंच होतं. लुगडी म्हातारपणी आटत नाहीत, हे तिघींपैकी कुणीच बोललं नाही.

निदान शेजारणीनं केलं. शेजारची काकी बागलीकडची, माळवी बोलायची. तिनं सासूबाईंच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "या चाय छोड दो बई. दन भर चाय, दन भर चाय. पेट बाळे है." चहानं पोट जळतं, असं तिचं म्हणणं. सासऱ्यांना ते एकदम पटलं. त्यांना चहाचं हे वेड कधीच आवडलं नव्हतं. उपाशीपोटी चहानं भूक मरते, आतडी करपतात, वायू धरतो, असं त्यांनी रात्रीच्या जेवणाला आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं आणि चहाचा डबा माळ्यावर टाकला. ओवा, हिंग, ताक सुरू झालं. सासूबाई मुकाट्यानं ऐकत होत्या, कारण चहाचं नाव काढलं की त्यांनाच आता मळमळायचं.

जाऊबाईंचा चहाही त्याबरोबर बंद झाला. त्यांना कुणी बंद कर म्हटलं नव्हतं, पण एकटीसाठी आधण कोण ठेवणार? त्या सकाळी रिकाम्या हातानं ओट्याशी उभ्या राहायच्या. आणि सासूबाईंना दूध सुरू झालं.

त्या दिवसांत मी सुखात होते, खोटं कशाला बोलू? सकाळी मी दोन पेल्यांत दूध ओतायची, साय काढून, आणि सासूबाईंच्या समोरच्या पाटावर बसायची. त्या सावकाश घोट घ्यायच्या. मला त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली त्यांनी, मोटेवरच्या बैलाची, लहानपणी मेलेल्या बहिणीची. जाऊबाईंना हे सगळं आधीच ठाऊक असणार, असं मनात यायचं आणि गोष्टीची गोडी तेवढी कमी व्हायची. पण पाट मिळाला होता. दूध संपलं तरी मी उठत नसे. त्यांचं पोट मला दिसत होतं, पण चहा सुटलाय, आता उतरेल, असं घरात सगळेच म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते.

पोट उतरलं नाही. उलट हातपाय काटकुळे झाले आणि पोट तेवढं पुढं आलं. माझ्या यजमानांनी शेवटी सासऱ्यांचं न ऐकता त्यांना गावातल्या लेडी डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, बोटांनी वाजवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कब से है ये, अम्मा?"

सासूबाई म्हणाल्या, "चाय छोडी उसके पहले से."

"चाय को छोडिए. पेशाब बार बार जाना पडता है? दो कौर में पेट भर जाता है?"

सासूबाईंनी दोन्हीला मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, कल ही इंदौर ले जाइए.

इंदूरच्या इस्पितळात पोटातलं पाणी काढलं, मग ऑपरेशन झालं. अंडाशयाचा कर्करोग होता आणि पसरला होता. हा शब्द आम्ही घरात आणला नाही. घरात आम्ही गाठ म्हणत होतो. अंडाशय म्हणजे नेमकं काय आणि कुठं, हे मलाही तेव्हा धड ठाऊक नव्हतं. गर्भाशय माहीत होतं, कारण त्याबद्दल बायका बोलतात. ही बदामाएवढी जागा गुपचूप बसलेली असते, आणि तिथं काही बिघडलं तर दुखत नाही, नुसतं लुगडं आखूड पडतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर मी आणि जाऊबाई बसलो होतो. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका बाकावर, कामाशिवाय, प्रथमच. जाऊबाई एकाएकी रडायला लागल्या.

"मीच पाजला गं त्यांना," त्या म्हणाल्या. "त्या अर्धा कप म्हणायच्या, मी भरून द्यायची. एकटीला गोड लागत नाही म्हणून दुपारी पुन्हा टाकायची."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, घ्या, सासूबाईंच्या आजाराचं कारण होण्याचा मानसुद्धा यांनाच. माझ्या दुधानं तर त्यांचं बरंही झालं नाही आणि वाईटही झालं नाही.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तुझं बरं होतं. तुला रोज पेलाभर दूध, सायीसकट. मला या घरात कुणी कधी दूध विचारलं नाही."

मी विचारलं, "अक्का, तुम्हाला दूध हवं होतं?"

"गरोदरपणात तरी," त्या म्हणाल्या. "दूध पुरायचं नाही ना. तुझा पेला आधी काढून ठेवायचे."

म्हणजे मी पाटावर डोळा ठेवून होते आणि पाटावर बसलेली माझ्या पेल्यावर. मला हसू आलं, पण ती जागा हसायची नव्हती. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. आपल्यावरही कुणी जळतं, हे कळलं की माणूस जरा ताठ बसतो.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा जाऊबाई उठून उभ्या राहिल्या आणि सरळ विचारलं, "डॉक्टर, चहानं झालं का हे?" डॉक्टर मराठी होते, वयानं मोठे.

"चहाचा काय संबंध?" ते म्हणाले. "हा कशानं होतो ते आम्हालाही धड सांगता येत नाही, तर चहावर कसं ढकलू? चहा बंद केलात त्यानं काही थांबलं नाही, वेळ तेवढा गेला. आता घरी न्या. मागितला तर द्या. पोटात राहिला तर चांगलंच आहे."

पुढं मी वर्तमानपत्रांत या विषयावर पुष्कळ वाचलं. कधी छापून येतं की चहा पिणाऱ्या बायकांना हा आजार कमी होतो, कधी येतं की तसं काही दिसत नाही. पहिली बातमी वाचली तेव्हा मला मोठी गंमत वाटली. म्हणजे काही फायदा असलाच तर तोही जाऊबाईंचा. पण मग सासूबाईंनी तर त्यांच्या दुप्पट प्यायला होता. मी कात्रण ठेवलं नाही. त्या कागदावर भाजी निवडली.

सासूबाईंना घरी आणलं. माळ्यावरचा डबा यजमानांनी सासऱ्यांसमोरच खाली काढला. पण जाऊबाई चहा करेनात. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, तरी नाही. "माझ्या हातचा नको," म्हणायच्या आणि मागच्या अंगणात निघून जायच्या. सासूबाई दोन दिवस वाट बघत राहिल्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"चहा टाकतीस का? येतो का तुला?"

येतो का म्हणे. मी धारला पातेली रिचवलेली बाई. मी अंगणातली गवती चहाची पात तोडली, आलं ठेचलं, दूध आमच्याकडच्यासारखं जरा जास्त घातलं. या घरात आल्यापासून माझ्या हातचा तो पहिला चहा. तो खाटेशी नेला. दुसरा कप मी नेला नव्हता.

सासूबाई उशीला टेकून बसल्या. मी बशीत ओतून दिला. त्यांनी फुंकर घातली, एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, गिळला.

"गोड झालाय," त्या म्हणाल्या. "पण चांगला झालाय. चहा न घेणाऱ्याला असा साधत नाही."

त्यांनी अजून एक घोट घेतला आणि बशी माझ्यासमोर धरली. "घे."

आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, तुम्ही घ्या."

आईनं लावलेली सवय ती. जीभ माझी, पण शब्द तिचा. तो निघून गेल्यावर मला इतका संताप आला स्वतःचा, की डोळ्यांत पाणी आलं. आता त्या नेहमीप्रमाणे बरं म्हणतील, झालं.

सासूबाई हसल्या. हसताना त्यांना पोटात दुखलं, त्यांनी पोट धरलं, तरी हसल्या.

"तुमच्यात तिसऱ्यांदा हो म्हणतात, व्हय ना?" त्या म्हणाल्या. "तुझ्या आईनं सांगितलं होतं मला. पहिल्या दिवाळीला आली होती तेव्हा. माझी पोर चहाची मोठी शौकीन आहे, पण दोनदा नको म्हणेल, तेवढी मनुहार करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग विचारलं का नाही?"

"पाहुण्याला विचारतात," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसानं मागून घ्यायचं असतं. थोरली आली, पहिल्याच दिवशी कप घेऊन माझ्यापुढं बसली, म्हणाली, मला पण ओता. मी म्हटलं, ही माझी. तू ताकाला जायचीस आणि भांडं लपवायचीस. मी म्हटलं, बघू कधी मागते. आज मागेल, उद्या मागेल. तू माझ्याहून हट्टी निघालीस."

माझा जीव इतका जळला म्हणून सांगू. इतकी वर्षं. इतकी साय. मी मोरीच्या दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि त्या पाठीला सगळं माहीत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं की वाट बघायची तर निदान एकदा मागं वळून बघायचं. पण समोर त्या, गालांची हाडं वर आलेली, आणि तो बशी धरलेला हात. बशी हळूहळू तिरपी होत होती. त्यांना ती फार वेळ धरवणार नव्हती, आणि तिसऱ्यांदा त्या विचारणार नव्हत्या, हेही मला दिसत होतं.

"मला द्या," मी म्हटलं. "मला चहा हवाय."

"घे," त्या म्हणाल्या आणि बशी माझ्या हातात दिली. मग उशीवर डोकं टेकलं. "आणि थोरलीला हाक मार. तिला म्हणावं ये, मी सांगितलंय. तिघी घेऊ."

मागच्या अंगणात जाऊबाई कपडे पिळत होत्या, त्याचा आवाज येत होता. पातेल्यात चहा तिघींना पुरेल एवढा होता. मी खाटेच्या कडेला, सासूबाईंच्या अगदी समोर बसले. बशीवर फुंकर घातली. आधी ती सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवली. मग जाऊबाईंना हाक मारली.